पातळ पत्र्याचं बळ: हिशेबातलं आणि हिशेबाबाहेरचं



आजचा विषय तसा आपल्या नेहमीच्या पाहण्यातला आहे. एखाद्या कारखान्याच्या शेडमध्ये उभं राहून वर पाहा. छपराच्या पत्र्याखाली इंग्रजी सी किंवा झेड अक्षरासारख्या दुमडलेल्या लांब पट्ट्या दिसतील. त्यांना पर्लिन म्हणतात. जाडी अवघी दोन-तीन मिलिमीटर. त्या लालभडक तापवून लाटलेल्या नसतात. थंड पत्राच रोलरांमधून काढत काढत दुमडलेला असतो. म्हणून याला कोल्ड-फॉर्म्ड स्टील म्हणायचं.

अमेरिकेत अशा पत्र्याच्या अख्ख्या राहत्या इमारती बांधतात. त्यात आपल्या ओळखीचे जाडजूड खांब नसतात. दर 40 किंवा 60 सेंटिमीटरवर एक उभा पातळ स्टड, बाहेरून लाकडी तक्ते, आतून जिप्सम बोर्ड, आणि हे सगळं जोडणारे हजारो स्क्रू. आता प्रश्न असा, की मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्याच्या भरवशावर माणसं झोपवायची, आणि तीही कॅलिफोर्नियासारख्या भूकंपाच्या मुलखात, तर कशाच्या जोरावर?

एक छोटा प्रयोग करू. कोरा कागद टेबलावर उभा धरा आणि वरून बोट टेकवा. तो लगेच वाकतो. आता त्याच कागदाला दोन घड्या घालून पन्हळीसारखा आकार द्या. तो उभा तर राहतोच, वर हलकीशी वही ठेवली तर तीही पेलतो. कागद तोच, वजन तेच. बळ आलं ते घडीतून. पातळ पत्र्याचं सगळं शास्त्र या घडीभोवती फिरतं.

वाकला तेव्हा कागद फाटला नव्हता, हेही लक्षात घ्या. त्याने दाबाखाली अचानक पोक काढला. यालाच बकलिंग म्हणतात. जाड पोलादात आधी धातू स्वतः नमतो, पातळ पत्र्यात आधी आकार बिघडतो. पत्र्याच्या सपाट भागाची रुंदी तीच ठेवून जाडी निम्मी केली, तर पोक येण्याचा ताण निम्मा नाही, एक चतुर्थांश होतो. म्हणजे पोलाद वाचवायला जावं, तर बळ दुप्पट वेगाने हातातून निसटतं.

मग पोक आला की सगळं संपलं का? नाही. सपाट भागाचा मधला पट्टा फुगतो आणि भार घ्यायचं नाकारतो, पण घडीजवळच्या कडा ताठ असतात. मधल्याने टाकलेला भार त्या उचलतात. विमानांच्या पातळ पत्र्यांचा अभ्यास करताना थिओडोर फॉन कार्मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1932 मध्ये यावर एक सोपी कल्पना मांडली: फुगलेला मधला भाग नाहीच असं समजा आणि फक्त कडांजवळची ‘परिणामकारक रुंदी’ हिशेबात धरा.

ही कल्पना इमारतींपर्यंत आणली जॉर्ज विंटर यांनी. 1939 पासून कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी पातळ पोलादावर प्रयोगांमागून प्रयोग केले. त्याच कामाच्या आधारे 1946 मध्ये अमेरिकेत या पोलादाची पहिली नियमावली निघाली. आपलं भारतीय मानक, 1975 चं आय.एस. 801, हेही परिणामकारक रुंदीच्याच कल्पनेवर उभं आहे.

आकड्यांत पाहू. 100 मिलिमीटर रुंद, 1 मिलिमीटर जाड सपाट भाग घ्या, दोन्ही कडांना घडी. पोलाद नमण्याचा ताण 250 मेगापास्कल. गणित सांगतं की सुमारे 73 मेगापास्कलवरच मधे पोक येईल. पण विंटर यांच्या सूत्राने शेवटची सरासरी ताकद निघते सुमारे 119. म्हणजे पहिली लाट दिसल्यावरही भार दीडपटीहून जास्त वाढू शकतो.

अडचण पुढे आली. पर्लिनचे आकार गुंतागुंतीचे होत गेले, कडेला छोटे ओठ आले, मधे आडव्या खाचा आल्या. प्रत्येक सपाट तुकड्याची वेगळी रुंदी काढत बसणं किचकट झालं. शिवाय तुकडे सुटे नसतात, एक वाकला की शेजाऱ्यालाही ओढतो. कधी ओठासकट अख्खी कड आत किंवा बाहेर फिरते. तुकड्यातुकड्याच्या हिशेबात हे नीट पकडता येत नव्हतं.

इथे प्राध्यापक बेंजामिन शाफर यांचं काम येतं. ते कॉर्नेलमध्येच शिकले, नंतर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. त्यांनी आणि तेओमान पेकोझ यांनी जी वाट काढली, तिला ‘डायरेक्ट स्ट्रेंग्थ’ पद्धत म्हणतात. तुकडे करायचेच नाहीत. संगणकावर अख्खा छेद घ्यायचा, तो कोणकोणत्या तऱ्हेने आणि किती भारावर पोक काढतो ते पाहायचं, आणि तिथून थेट ताकद काढायची. 2004 मध्ये उत्तर अमेरिकेच्या नियमावलीने ही पद्धत परिशिष्टात घेतली.

पण मंडळी, स्टड म्हणजे इमारत नव्हे. शाफर यांच्या पुढाकाराने 2013 मध्ये बफेलो विद्यापीठात पूर्ण आकाराची दोन मजली इमारत बांधली गेली, साधारण 15 मीटर लांब आणि 7 मीटर रुंद. ती हलत्या टेबलांवर ठेवून 1994 च्या नॉर्थरिज भूकंपाच्या नोंदींप्रमाणे हलवली. आधी फक्त हिशेबातला सांगाडा, मग टप्प्याटप्प्याने आतल्या भिंती, जिप्सम बोर्ड वगैरे. इमारत हिशेबापेक्षा कितीतरी कमी डोलली आणि शेवटी जवळपास सरळ उभी राहिली. अभियंत्याने ज्यांना ‘भार न घेणारे’ म्हटलं होतं, ते बोर्ड आणि त्या भिंती मुकाट्याने भार घेत होत्या.

ऐकायला छान वाटतं. पण आम्हा अभियंत्यांना इथेच सावध व्हावं लागतं. हिशेबाबाहेरचं बळ म्हणजे फुकटची कमाई नव्हे. उद्या कुणी खोली मोठी करायला आतली भिंत काढली, तर ते बळ तिच्याबरोबर जातं, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. जिप्सम ओला झाला की स्क्रूची पकड ढिली होते. आणि इमारत जास्त ताठ असली, तर पायाशी बांधणाऱ्या बोल्टांवर अपेक्षेपेक्षा जास्त ओढ येऊ शकते. म्हणून जे बळ आहे ते मोजायचं, नियमात आणायचं, आणि मगच त्यावर विसंबायचं.

अमेरिकेत मोठ्या भूकंपजोखमीच्या भागात अशा भिंतींच्या इमारतींना 65 फुटांची मर्यादा आहे, म्हणजे साधारण सहा मजले. ती वाढवता येईल का, हे तपासायला 2025 मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, उघड्यावरच्या हलत्या टेबलावर, दहा मजली इमारत उभी करून हलवली गेली. शाफर या कामातही आहेत. हलकी इमारत म्हणजे भूकंपाचं बल कमी, कारण ते बल वजनाच्या प्रमाणात येतं. जमीन महाग आणि घरं कमी पडणाऱ्या शहरांत या उत्तराला मोल आहे.

तर आजचं सार एवढंच. पातळ पत्रा वाकतो हे त्याचं अपयश नाही, तो त्याचा स्वभाव आहे. वाकल्यावर तो किती पेलतो हे विंटर यांनी मोजलं, अख्खा छेद कसा वाकतो हे शाफर यांनी, आणि आता अख्ख्या इमारतीचं मोजमाप चालू आहे. पुढच्या वेळी घरातली एखादी भिंत ‘उगाच आहे, काढून टाकू’ असं मनात आलं, तर आधी विचारून घ्या: ही खरंच काही पेलत नाही ना?