आभाळाकडे तोंड केलेले रडार

मे २०२०मध्ये अमरावती जिल्ह्यात टोळधाड आली, तेव्हा ती सगळ्यांना दिसली. टोळ दिवसा उडतात. लोकांनी डबे-थाळ्या वाजवून त्यांना हुसकावले. हरभऱ्यावरच्या घाटेअळीचा पतंग मात्र अंधार पडल्यावर उठतो, शेकडो मीटर वर जाऊन वारा धरतो. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या असदगडावरून कितीही निरखले तरी तो दिसायचा नाही. शेतकऱ्याला त्याची खबर लागते ती कामगंध सापळ्याची पिशवी सोडून आतले पतंग मोजताना.

रडारला तो दिसतो. किड्याच्या अंगात पाणी असते, त्यावरून रेडिओलहरी परततात. १९५४ साली इराणच्या आखातात जहाजाच्या रडारवर टोळधाड उमटली होती. १९६८मध्ये ग्लेन शेफर यांनी खास किड्यांसाठी जुळवलेले रडार नायजरच्या वाळवंटात नेले आणि परतलेल्या लहरीच्या थरथरीतून पंखांची फडफड मोजली.

पुढे इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड संस्थेने अँटेना सरळ वर वळवलेली रडारे चालवली. जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीची लहर, अरुंद झोत, आणि तो सतत किंचित घुमता. किडा त्यातून काही क्षणांत पार होतो, पण तेवढ्यात त्याची उंची, वेग, डोक्याची दिशा आणि वजनाचा अंदाज नोंदला जातो. अंधारातला एकेक किडा असा तोलता येतो, हे मला आजही थक्क करणारे वाटते. अशा नोंदी आणि हवेत धरलेल्या जाळ्यांतले किडे मिळून दक्षिण इंग्लंडवरून वर्षाला सुमारे साडेतीन लाख कोटी किडे जातात, असा हिशेब २०१६मध्ये मांडला गेला.

हवामान रडार नागपूरला आहे. पण ते अकोल्यापासून सव्वादोनशे किलोमीटरवर. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याच्या सर्वांत खालच्या झोताचा मध्यही अकोल्यावर येईतो चार किलोमीटरच्या वर जातो. ढग सापडतात, पतंग खालून निघून जातात.

म्हणून अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिवारात असे एक उभे रडार असावे, असे मला मनापासून वाटते. शेजारी सापळे हवेतच. वजन आणि फडफड कळली तरी जात पक्की होत नाही. ती हातात पतंग धरूनच ओळखावी लागते. घाटेअळीची अंडी फुटायला तीन-चार दिवस लागतात, आणि निंबोळी अर्क किंवा एचएएनपीव्ही हे विषाणूजन्य कीटकनाशक अळी बारीक असतानाच लागू पडतात. पतंग उतरले त्याच रात्री निरोप मिळाला, तर फवारणीची तयारी अंडी फुटण्याआधी होईल.