वायुदाब व अंतर : एक सांख्यिकीय संबंध

दोन हवामान केंद्रांमधील अंतर वाढते, तसा त्यांच्या वायुदाबातील सहसंबंध सामान्यतः क्षीण होतो. मुंबई व पुणे येथील दाब बहुधा एकत्रच चढतात-उतरतात. कारण एकच दाबप्रणाली दोन्ही केंद्रांना व्यापते. तथापि या नियमास महत्त्वाचा अपवाद आहे. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय वेधशाळांचे महासंचालक असलेले गिल्बर्ट वॉकर यांनी मान्सूनच्या पूर्वानुमानासाठी दूरदूरच्या केंद्रांचे सहसंबंध गुणांक काढले. त्यांतून ‘दक्षिणी आंदोलन’ प्रकाशात आले. परस्परांपासून ८,००० किलोमीटरहून दूर असलेल्या ताहिती व डार्विन येथील दाबांत ऋण सहसंबंध आढळतो. डार्विनचा दाब वाढलेल्या एल निनो वर्षांत भारतातील पर्जन्य अनेकदा घटते. म्हणून दुष्काळाची चाहूल घेताना केवळ निकटची केंद्रे पाहणे अपुरे ठरते.