पळण्याचे खेळ आणि पळवाटा

१९८६ साली जपानमध्ये बांदाई कंपनीनं टीव्हीवरच्या व्हिडिओ गेमला जोडायची एक चटई बाजारात आणली. फॅमिली ट्रेनर हे तिचं नाव. चटईवर गोल खुणा, त्यांच्यावर पाय आपटत जागच्या जागी धावायचं, की पडद्यावरचा धावपटू पळू लागे. दोन वर्षांनी निंटेंडोनं हीच चटई पॉवर पॅड या नावानं अमेरिकेत विकली. पोरांनी काय करावं? चटईसमोर गुडघे टेकून दोन्ही हातांनी त्या खुणा बडवायला सुरुवात केली, आणि धावपटू सुसाट सुटला. लांब उडीच्या वेळी ती खुशाल चटईबाहेर उतरायची, जरा थांबायची आणि मग परत पाय ठेवायची. पाय चटईवर नाहीत, एवढंच यंत्राला कळायचं. म्हणजे खेळाडू हवेत आहे असं ते धरून चालायचं. विक्रमी उडी!

त्यानंतरच्या चाळीसेक वर्षांत व्हिडिओ गेमच्या मार्गानं माणसाला हलवण्याचे जेवढे प्रयोग झाले, त्यांच्याकडे मागे वळून पाहताना मला ही चटईच आधी आठवते. व्यायामात जास्त श्रम केले तर जास्त फायदा. खेळात नेमकं उलटं असतं: कमीत कमी श्रमात जिंकेल तो हुशार. गुडघे टेकून बसलेल्या मुलाला आळशी म्हणता येणार नाही, तो खेळ फार नीट समजला होता. पुढच्या सगळ्या यंत्रांना या मुलाशीच सामना करायचा होता.

खरं तर चटईच्याही आधी, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, अटारीनं व्यायामाच्या सायकलला गेम जोडायचं ठरवलं होतं. पफर नावाचा हा प्रकल्प नमुन्यांपुढे गेला नाही. १९८३च्या सुमारास अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदाच कोसळला आणि त्यात सायकलही गेली. तिच्यावर कुणी काय पळवाट काढली असती, ते पाहायचं राहूनच गेलं.

पहिलं खरं यश आलं ते व्यायामाचा विचार डोक्यात नसलेल्या खेळाला. कोनामीचं डान्स डान्स रिव्होल्यूशन १९९८च्या अखेरीस जपानच्या गेम पार्लरमध्ये आलं. पडद्यावर बाण खालून वर सरकतात, गाण्याच्या ठेक्यावर पायाखालच्या त्याच दिशेच्या चौकोनावर पाय पडला पाहिजे. बस्स, एवढंच. आपल्याकडेही मॉलच्या गेम झोनमध्ये या जातीची मशिनं आली आणि त्यांच्याभोवती नेहमी घोळका असे. चढलेला मुलगा आधी लाजत, मित्रांकडे बघून हसत पाय टाकतो. तिसऱ्या गाण्यापर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो आणि हसू गेलेलं असतं. इथे हातानं बडवायची सोय नव्हती. चारचौघांसमोर उंच ओट्यावर उभं राहून गुडघे कोण टेकणार? बघ्यांची नजर हीच या यंत्राची खरी राखणदार होती.

तरीही पळवाट निघालीच. मशीनला मागच्या बाजूनं एक आडवा दांडा असतो, पडू नये म्हणून. पट्टीचे खेळाडू पाठीमागे हात नेऊन तो घट्ट धरतात, अंगाचा बराच भार त्याच्यावर टाकतात आणि पाय हलके करून भराभर चालवतात. अतिवेगवान गाणी त्याशिवाय जमत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. दांडा न धरता खेळणारे त्यांना नाक मुरडतात. हा वाद जगभरच्या खेळाडूंमध्ये आजही रंगतो. माझं मत विचाराल तर दांडा धरूनही त्या पोरांचा जो दम निघतो, तो सकाळी कट्ट्यावर बसून शतपावलीच्या गप्पा मारणाऱ्या मंडळींचा निघत नाही.

२००६मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यानं आपल्या सगळ्या, म्हणजे ७६५, सरकारी शाळांत हा खेळ नेण्याची घोषणा केली. मुलांमधला लठ्ठपणा ही तिथली मोठी डोकेदुखी होती. फुटबॉल, बास्केटबॉलच्या संघात ज्यांना कुणी घेत नाही अशी मुलं शारीरिक शिक्षणाच्या तासाला कोपऱ्यात उभी राहतात. ती इथे कुणाशी धक्काबुक्की न करता, आपापल्या गतीनं नाचू शकत होती. मला या प्रयोगातली ही बाजू कॅलरींपेक्षा मोलाची वाटते.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात निंटेंडोचं वी हे गेमयंत्र आलं आणि हा विषय गेम पार्लरमधून घराच्या हॉलमध्ये शिरला. सोबत मिळणाऱ्या वी स्पोर्ट्समध्ये टेनिस, बोलिंग, बॉक्सिंग. हातातला रिमोट रॅकेटसारखा फिरवायचा. सुरुवातीला लोकांनी तो इतक्या आवेशानं फिरवला की मनगटाला बांधायच्या दोऱ्या तुटून रिमोट भिरकावले गेले, आणि कंपनीला ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायची तयारी दाखवावी लागली. २००७मध्ये एका स्पॅनिश डॉक्टरनं न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनला पत्र लिहून, तासन्‌तास टेनिस खेळून आपला खांदा कसा धरला ते कळवलं आणि त्या दुखण्याला थट्टेनं 'वीआयटिस' असं नावही दिलं.

हा जोर महिनाभराचा. रिमोटच्या आत होता तो वेगातला बदल मोजणारा साधा सेन्सर. हात खांद्यापासून फिरला की नुसतं मनगट झटकलं गेलं, यातला फरक त्याला फारसा कळत नव्हता. हे एकदा उमगलं की माणूस सोफ्यावर बसतो. वेफर्सची पिशवी एका हातात, दुसऱ्या हातानं एक झटका, आणि पडद्यावर जोरकस सर्व्हिस.

संशोधकांनीही हेच मोजलं. २००७च्या अखेरीस ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांचा छोटासा अभ्यास आला, १३ ते १५ वयाच्या अवघ्या ११ मुलांवरचा. वीवर खेळताना बसून खेळायच्या गेमपेक्षा जास्त ऊर्जा खर्च होते, पण खऱ्या टेनिसच्या ती जवळपासही जात नाही, असा त्याचा निष्कर्ष. २०१२मध्ये ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या अभ्यासानं आणखी वर्मावर बोट ठेवलं. ९ ते १२ वयाच्या ८४ मुलांना वी दिलं. निम्म्यांना हालचालीचे गेम, निम्म्यांना बसून खेळायचे. व्यायाम करा असं कुणालाच सांगितलं नाही, दुकानातून आणल्यावर घरी जसं होतं तसंच होऊ दिलं. तेरा आठवड्यांत अधूनमधून कमरेला मोजयंत्र लावून पाहिलं, तर दोन्ही गटांच्या एकूण हालचालीत फरक नाही. एक तर पोरं मनगटावर भागवत असावीत, किंवा टीव्हीसमोर जेवढी नाचली तेवढी संध्याकाळी अंगणात कमी पळत असावीत.

निंटेंडोला मात्र त्याआधीच दुसरी वाट सापडली होती. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो रोज वजन करून आलेख मांडायचे; घरातल्यांनाही त्यात गंमत वाटू लागली, आणि त्यातून २००७मध्ये वी फिट निघालं. सोबत एक पांढरी फळी, चार कोपऱ्यांत वजन मोजणारे सेन्सर. माणूस वर उभा राहिला की त्याचा तोल कुठे झुकतोय ते पडद्यावर एका ठिपक्यानं दिसे. वृक्षासनात एका पायावर उभे राहा, तो ठिपका दारू प्यायल्यासारखा भटकत असतो. इथे लबाडी चालत नव्हती, कारण गुरुत्वाकर्षणाला मनगट झटकून फसवता येत नाही. जॉगिंगला मात्र फळी वापरायचीच नव्हती. रिमोट खिशात ठेवून जागच्या जागी पळायचं. लोक काय करत, ते सांगायला नको. रिमोट हातात घेऊन हलवत बसत.

वी फिट दोन कोटींहून जास्त खपलं. वादही झाला: ब्रिटनमध्ये दहा वर्षांच्या एका मुलीला यंत्रानं तिचं वजन प्रमाणापेक्षा जास्त असल्याचं बेधडक सुनावलं, आणि कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. उंची-वजनाचं एक सूत्र वाढत्या मुलांना सरसकट लावणं चूकच होतं. पण फळीचं खरं चीज झालं ते फिजिओथेरपीत. २०१०मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की उभ्या माणसाचा तोल मोजण्यात ही स्वस्तातली फळी प्रयोगशाळेतल्या अतिमहाग यंत्राच्या तोडीची आहे. पक्षाघातानंतर पुन्हा उभं राहायला शिकणारा रुग्ण त्या ठिपक्याशी झगडतो तेव्हा त्याला पळवाट नकोच असते. खेळ आणि व्यायाम यांचं भांडण मिटलेलं मला त्या एका जागी दिसलं.

मायक्रोसॉफ्टच्या कायनेक्ट या कॅमेरा-यंत्राबद्दल थोडक्यात. २०१०च्या नोव्हेंबरात आलं, साठ दिवसांत ८० लाख खपलं, गिनीज बुकात गेलं आणि २०१७मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. हातात काहीच धरायचं नाही, कॅमेरा अख्खं अंग बघणार, त्यामुळे सोफ्यावरून खेळणं अवघड. पण त्याला समोर सहा फूट मोकळी जागा लागे, दोघं खेळणार असतील तर आणखी. मुंबईतल्या वन बीएचकेत सहा फूट म्हणजे टीपॉय बाल्कनीत, खुर्च्या स्वयंपाकघरात आणि आजोबा बेडरूममध्ये. एवढ्या हलवाहलवीतच व्यायाम उरकत असे.

मग २०१६च्या जुलैत पोकेमॉन गो आलं आणि हॉलचा प्रश्नच उरला नाही. फोन घेऊन रस्त्यावर उतरायचं, खरोखरच्या चौकात, बागेत, समुद्रकिनारी दिसणारे प्राणी पकडायचे. या खेळातली अंडी उबवायला दोन, पाच किंवा दहा किलोमीटर चालावं लागे. आपल्याकडे तो अधिकृतपणे आला १३ डिसेंबरला, जिओच्या सोबतीनं. नोटाबंदीला जेमतेम महिना झाला होता आणि देश तसाही एटीएम शोधत पायपीट करत होता. चोरवाटेनं फोनमध्ये घालून लोक आधीपासून खेळतच होते. ही अंडी देवळांच्या परिसरात सापडतात म्हणून भावना दुखावतात, अशी जनहित याचिकाही गुजरात उच्च न्यायालयात त्या सप्टेंबरात दाखल झाली होती.

गाडीत बसून अंतर कापू नये म्हणून कंपनीनं वेगाची मर्यादा घातली. लोकांनी फोन कुत्र्याच्या पट्ट्याला बांधला, छताच्या पंख्याला अडकवला. चीनमध्ये तर पुढे पावलं मोजणाऱ्या ॲपसाठी फोन झुलवत ठेवणारे चिमुकले यांत्रिक पाळणे विकायला आले. चटईवरचं पोर मोठं झालं होतं, आणि आता त्याच्या हाताला कारखान्याची जोड मिळाली होती.

आकडे काय सांगतात? हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या १८ ते ३५ वयाच्या खेळाडूंच्या फोनमधली पावलं तपासली. पहिल्या आठवड्यात रोजची सरासरी ९५५ पावलं वाढली, मग उतरत गेली, आणि सहाव्या आठवड्यात सगळे मूळ पदावर. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांना मात्र खेळात बुडालेल्या लोकांत महिनाभर रोज १,४७३ पावलांची वाढ दिसली. या दोन्हींत मला विसंगती वाटत नाही. ज्यांना पोकेमॉनचं वेड होतं ते चालले, बाकीच्यांची हौस फिटली.

२०१९च्या ऑक्टोबरात आलेलं निंटेंडोचं रिंग फिट ॲडव्हेंचर हा पळवाटा बुजवण्याचा सगळ्यात विचारपूर्वक प्रयत्न. एक लवचीक कडं दोन्ही हातांत, एक पट्टा डाव्या मांडीला. पडद्यावर राक्षस, त्याला मारायचं ते बैठकांनी, पोटाच्या व्यायामांनी, योगासनांनी. मांडी किती वाकली ते पट्टा सांगतो, कडं किती दाबलं ते कडं सांगतं. तालमीत अर्धी बैठक मारली तर वस्ताद ती मोजत नाही. इथेही बैठक अर्धवट तर वार अर्धवट. मधे थांबून सेन्सरवर अंगठा ठेवला की नाडीचे ठोकेही दिसतात. खालच्या मजल्यावरचे तक्रार करायला येऊ नयेत म्हणून धावण्याऐवजी पाय वाकवायची सोय दिली आहे, हे तर आपल्या सोसायट्यांना ओळखून केल्यासारखं. यालाही फसवता येतं, पण फसवायला लागणारी मेहनत बैठकेहून फार कमी नाही. टाळेबंदीत अनेक देशांत हे दुकानांतून दिसेनासं झालं आणि फेरविक्रीवाल्यांनी भाव चढवले. आजवर दीड कोटीच्या वर प्रती खपल्या आहेत.

डोक्याला चढवायच्या व्हीआर चष्म्यांवर २०१८मध्ये आलेल्या बीट सेबरनं तीच अडचण गुणांच्या हिशेबात सोडवली. गाण्याच्या ठेक्यावर अंगावर येणारे ठोकळे दोन तलवारींनी कापायचे. नुसतं मनगट हलवूनही ठोकळा कापला जातो, पण पूर्ण गुण हवे असतील तर कापण्याआधी तलवार १००° फिरलेली हवी आणि नंतर ६०°. म्हणजे लोभच हात लांबवायला लावतो. व्यायाम हा शब्द खेळात कुठे ठळकपणे येत नाही, पण वीस मिनिटांनी चष्म्याच्या आतली काच घामानं धुरकट झालेली असते.

मेटानं हा खेळ बनवणारी कंपनी आधीच घेतली होती. व्हीआरमधल्या व्यायामासाठीच बनवलेलं सुपरनॅचरल हे ॲपही तिला हवं होतं, तेव्हा २०२२मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं तिला कोर्टात खेचलं. बीट सेबर हातात असताना मेटा स्वतःचं व्यायामाचं ॲप काढू शकली असती, म्हणून हा सौदा स्पर्धेला मारक ठरेल, असा आयोगाचा एक युक्तिवाद. कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांनी व्हीआरमधली व्यायामाची ॲप्स ही एक वेगळी बाजारपेठ आहे हे मान्य केलं. मेटा स्वबळावर त्यात उतरलीच असती याचा पुरावा मात्र त्यांना पुरेसा वाटला नाही, आणि २०२३च्या सुरुवातीला सौदा पार पडला. गुडघे टेकून चटई बडवणारी पोरं तोवर पन्नाशीकडे झुकली होती. सुपरनॅचरलच्या गिऱ्हाइकांत त्यांच्या पिढीची माणसं बरीच असतील.