मीटरच्या वहीत आपलं घर

‘नवा मीटर पळतो का?’ या प्रश्नावरून सध्या गल्लोगल्ली वाद चालू आहेत. टीओडी (टाइम ऑफ डे), म्हणजे वेळेनुसार वापर नोंदवणारा स्मार्ट मीटर बसला की पहिल्याच बिलापासून तक्रारी सुरू होतात, मोर्चे निघतात, महावितरणचे खुलासे येतात. बिलाबद्दल शंका असेल तर तिचं निरसन झालंच पाहिजे. त्यासाठी नियमही आहे. तक्रार आल्यावर पाच दिवसांत शेजारी दुसरा मीटर लावून किमान तीन महिने वापर ताडून पाहायचा. हा हक्क जरूर बजावा. पण या भांडणात एक प्रश्न मागेच पडला आहे. हा मीटर आपल्याबद्दल काय काय लिहून ठेवतो?

माझी आई साताऱ्यात एकटी राहते. तिच्याकडे नवा मीटर लागला तेव्हा अ‍ॅप मी माझ्या फोनवर घेतलं. त्यात तासातासाच्या वापराचे उभे खांब दिसतात. आईचा सकाळी सहाचा खांब सगळ्यात उंच असतो, कारण गिझर. दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट पडतं. एके दिवशी पाहिलं, तर आदल्या सकाळचा तो खांब अगदी बुटका. काळजी वाटून लगेच फोन केला.

“आई, काल अंघोळ नाही केलीस? बरं आहे ना तुला?”

ती क्षणभर गप्पच झाली. मग म्हणाली, “अगं, गिझर तापेना म्हणून बंब पेटवला. पण तुला कुणी सांगितलं?”

सांगितलं मीटरनं. जुन्या मीटरची चकती गरगर फिरायची आणि महिन्याला एक आकडा रीडिंगवाल्याच्या हाती ठेवायची. त्या आकड्यावरून आई किती वाजता उठली हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. नवा मीटर दर पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासानं वापराची नोंद करतो आणि ती मोबाइलच्या नेटवर्कवरून पाठवून देतो. घर कधी जागं होतं, दुपारी कुणी असतं का, गावाला गेलेली मंडळी कधी परतली, हे सगळं त्या नोंदींत उतरतं.

यातला धोका फार पूर्वी एका माणसानं ओळखला होता. त्याचं नाव जॉर्ज हार्ट. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये त्यानं आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत शोधली. घराच्या मुख्य वीजवाहिनीवर लक्ष ठेवायचं. फ्रिज सुरू झाला की वापर एका ठरावीक मापानं वर चढतो, बंद झाला की तेवढाच खाली येतो. प्रत्येक उपकरणाची चढउताराची पायरी वेगळी. त्या पायऱ्या वाचल्या की घरात पाऊलही न टाकता आत काय चाललंय ते सांगता येतं. या शोधाचं कौतुक होत असताना हार्टनं 1989 मध्ये लेख लिहून बजावलं की, वीजवाहिनीतून माणसांवर पाळत ठेवता येईल. आपल्याच शोधाबद्दल इतक्या लवकर सावध करणारा हा संशोधक मला फार मोठा वाटतो.

हार्टची पद्धत क्षणाक्षणाचा वापर पाहते. आपल्या मीटरच्या पंधरा मिनिटांत चटणीचा मिक्सर हरवून जातो, पण गिझर, एसी आणि कुलूपबंद घर लपत नाही. म्हणूनच नेदरलँडच्या वरिष्ठ सभागृहानं 2009 मध्ये सक्तीच्या स्मार्ट मीटरचं विधेयक अडवलं. अमेरिकेत नेपरव्हिल शहराच्या खटल्यात 2018 मध्ये न्यायालयानं असे मीटर योग्य ठरवले, मात्र पंधरा मिनिटांच्या नोंदी घेणं ही घराची झडतीच आहे, हेही मान्य केलं.

मी मीटरच्या विरोधात नाही. 1 जुलै 2025 पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत घरगुती ग्राहकाला युनिटमागे 80 पैशांची सवलत मिळू लागली, ती अशा मीटरमुळेच. दुपारी सूर्याची वीज मुबलक असते, तेव्हा गिरणी, पंप, वॉशिंग मशीन चालवावं, हा विचार उत्तम आहे. नवरा-बायको दोघंही दिवसभर नोकरीवर असतील तर त्या घराला फायदा कमी, हेही खरं.

पण देशभरात असे 25 कोटी मीटर बसवायचे ठरलेत. एवढ्या घरांची रोजनिशी कुणाकडे राहणार, किती वर्षं राहणार, मीटर चालवणाऱ्या खासगी कंपनीला त्यातलं काय दिसणार, पोलिसांनी मागितली तर कुणाच्या परवानगीनं देणार? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलं. 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. आता या प्रश्नांची उत्तरं साध्या मराठीत बिलाच्या मागे छापून आली पाहिजेत. आजवर आपण फक्त ‘बिल का वाढलं’ एवढंच विचारलं, म्हणून उत्तरही तेवढ्याचंच मिळत गेलं.

त्या दिवशी फोन ठेवताना आई म्हणाली, “बघायचं तर बघ गं, पण मला सांगून बघ.” मी तिची मुलगी आहे, काळजीपोटी पाहत होते, तरी तिला हे सांगावंसं वाटलं. तेव्हापासून अ‍ॅप उघडण्याआधी मी तिला विचारते. वीज कंपनीनंही आपल्याला विचारायला हवं.