लहान विमानांतील लहान वैमानिक

विमानाची प्रतिकृति कितीहि हुबेहूब साधली, तरी तिच्या कांचेच्या छताखालीं माणूस नसेल तर पाहणाराचें मन तिच्यावर ठरत नाहीं. पंखांची ठेवण, शेपटीवरचा क्रमांक, चाकांवरचा चिखल हें सर्व जागच्या जागीं असतें. पण बैठक रिकामी दिसली कीं आकाशांत चढणारी ती वस्तु विमान न राहतां खेळणें ठरते. लढाऊ विमानांच्या प्रतिकृति करून त्या जमिनीवरून बिनतारी यंत्रानें चालविणाऱ्या हौशी कारागिरांना ही गोष्ट चांगली ठाऊक असते. आणि म्हणूनच त्यांतील वीतभर वैमानिकाची मूर्ति घडविणें ही एक स्वतंत्र कला होऊन बसली आहे.

मुंबईच्या उपनगरांना विमानांचें अप्रूप असें राहिलेलें नाहीं. अंधेरी-विलेपार्ल्याच्या पश्चिमेस जुहूचा विमानतळ १९२८ सालीं सुरू झाला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन याच जागीं उतरले. पुढें दुसऱ्या महायुद्धांत सांताक्रूझचा विमानतळ ब्रिटिश वायुदलाच्या उपयोगांत होता. आज घाटकोपरच्या घरांवरून विमानें एकामागून एक खालीं उतरत असतात. अशा ठिकाणीं वाढलेल्या मुलाला विमानाचें वेड लागलें तर नवल नाहीं. अडचण आहे ती जागेची. सहा-सात फूट पंखांचें विमान दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत बांधणें कठिण, आणि दोन विमानतळांच्या शेजारीं तें उडविणें त्याहून कठिण. विमानतळांभोंवतालचें आकाश निर्बंधित असून २०२१ सालच्या ड्रोनविषयक नियमांनीं अशा नमुना-विमानांचाहि विचार केलेला आहे. त्यामुळें उडविण्यासाठीं शहराबाहेर, परवानगीच्या जागीं जावें लागतें. मूर्तीचें काम मात्र मुलुंड-बोरिवलीच्या कोणत्याहि घरांत, खिडकीजवळच्या पाटावर होऊं शकतें. त्याला लागते ती मूठभर माती, दोन-चार कोरण्या आणि पुष्कळसा धीर.

पहिला प्रश्न मापाचा. हरिकेन या लढाऊ विमानाच्या पंखांचा विस्तार ४० फूट होता. त्याची एक-षष्ठांश प्रतिकृति केली तर विस्तार ६ फूट ८ इंच भरतो. ५ फूट ८ इंच उंचीचा वैमानिक याच प्रमाणांत सव्वाअकरा इंचांहून किंचित् अधिक उंच होईल. परंतु तो बसलेला असल्यामुळें आसनापासून टाळूपर्यंत त्याची उंची सहा इंचांच्या आंतच राहते. हनुवटीपासून टाळूपर्यंत डोकें सुमारें ९ इंच धरलें, तर मूर्तीचें डोकें दीड इंचच झालें पाहिजे. नवशिका येथेंच फसतो. चेहऱ्यांतील बारकावे दाखवावयाचे म्हणून नकळत तो डोकें दोन इंचांचें करतो, आणि मग पुरुषभर लांबीचें विमान एकाएकीं जत्रेंतल्या खेळण्यासारखें दिसूं लागतें. कारण उघड आहे. खऱ्या विमानाचें मोठेपण डोळा आंतल्या माणसावरून मोजतो. माणूस वाढला कीं विमान आपोआप लहान होतें.

दुसरा प्रश्न वजनाचा, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. कारण मापांतली चूक फक्त डोळ्यांना खुपते, वजनांतली चूक विमान पाडते. भूमितीचा एक साधा नियम येथें उपयोगी पडतो. लांबी एक-षष्ठांश झाली कीं पृष्ठभाग मूळच्या ३६ वा हिस्सा उरतो आणि घनफळ २१६ वा हिस्सा उरतें. माणसाच्या कमरेवरील देहाचें वजन ४० किलो धरलें, तर तशी भरीव मूर्ति सुमारें १८५ ग्रॅम भरेल. ती प्लॅस्टरची असेल तर २०० ग्रॅमच्या वर जाईल. तीच मूर्ति दीड मिलिमीटर जाडीच्या कवचाची, पोकळ केली तर ५० ग्रॅमच्या आसपास राहते.

हा फरक किती मोठा, हें तराजूच्या दांडीवरून कळतें. हरिकेन, स्पिटफायर अशा विमानांत वैमानिकाची बैठक गुरुत्वमध्याच्या मागें असते. समजा, २०० ग्रॅमची मूर्ति गुरुत्वमध्यापासून १५ सेंटिमीटर मागें बसविली. तिचा तोल सांवरण्यास ३० सेंटिमीटर पुढें, नाकांत, १०० ग्रॅम शिसें ठेवावें लागेल. म्हणजे एकूण भार ३०० ग्रॅम झाला. मूर्ति ५० ग्रॅमची असेल तर २५ ग्रॅम शिसें पुरतें आणि एकूण भार ७५ ग्रॅमच राहतो. पंखांना २२५ ग्रॅम कमी उचलावे लागतात. तोल सांवरलाच नाहीं, तर शेपटीकडे जड झालेलें विमान उडतांच नाक वर करतें, वेग गमावतें आणि कोसळतें. कित्येक महिन्यांची मेहनत अशा वेळीं क्षणांत मातीमोल होते, आणि खालीं कोणी उभें असेल तर त्याच्या जिवावर बेततें.

आतां मूर्तीकडे वळावें. चेहऱ्याचें गणित एकदां समजलें कीं अर्धें काम झालें. डोळे हे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असतात; ते वर चढविण्याकडे शिकाऊ हाताचा कल असतो. कान हा भुंवयांची रेषा आणि नाकाच्या टोंकाची रेषा यांच्यामध्यें बसतो. माणसाचा नेत्रगोल सुमारें २४ मिलिमीटर व्यासाचा, म्हणून या मापांत तो ४ मिलिमीटरांचा, ज्वारीच्या दाण्याएवढा होतो. कोरणीच्या गोल टोंकानें आधीं दोन्ही खोबणी दाबाव्या, त्यांत तेवढ्याच दोन गोळ्या बसवाव्या आणि त्यांवर पापण्यांच्या पातळ पट्ट्या चढवाव्या. केवळ वरून डोळा कोरला तर तो रेखाटलेला दिसतो, बसलेला दिसत नाहीं. शिवाय लहान आकारांत सावल्या फिक्या पडतात. म्हणून भुंवईखालचा खळगा, नाकाखालची छाया आणि ओठांमधली रेघ प्रत्यक्षापेक्षां थोडी खोल घ्यावी लागते.

तरीहि मूर्तीला जीव येतो तो बारकाव्यांनीं नव्हे, तर देहाच्या ढबीनें. १८५७ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या गणपतराव म्हात्रे यांनीं १८९६ च्या सुमारास ‘मंदिरपथगामिनी’ ही प्लॅस्टरची मूर्ति घडविली. देवळाकडे निघालेल्या त्या तरुणीच्या उभें राहण्यांतच तिचें चालणें दिसतें. वैमानिकाच्या मूर्तींतहि हेंच साधावयाचें असतें. नाकासमोर पाहणारा ताठ वैमानिक बाहुल्यासारखा दिसतो. मान किंचित् वळलेली, एक खांदा थोडा खालीं, नजर शत्रूच्या किंवा सोबत्याच्या शोधांत, एवढें झालें कीं पुरें. हरिकेन आणि स्पिटफायर यांच्या सुकाणूच्या दांड्याला वर वाटोळी कडी असे. उजवा हात त्या कडीवर आणि डावा हात इंजिनाचा वेग राखणाऱ्या दांडीवर असावा. घरांतल्या एखाद्या तरुणाला खुर्चीवर बसवून, हातांत तशी कडी देऊन चारी बाजूंनीं छायाचित्रें घेतलीं तर हा अभ्यास सहज होतो.

पोषाखाच्या बाबतींत इतिहास पाहिल्याशिवाय चालत नाहीं. १ एप्रिल १९३३ रोजीं कराचीजवळ ड्रिग रोड येथें भारतीय वायुदलाची पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हां तिच्याजवळ ४ वापिटी विमानें होतीं. वापिटीची बैठक उघडी. म्हणून तिच्या वैमानिकाला चामडी टोपी, चष्मा आणि गळ्याभोंवतीं गुंडाळलेलें वस्त्र हवें. १९४२ सालीं हीच तुकडी लायसँडर विमानें घेऊन ब्रह्मदेशांत लढली. पुढें भारतीय वैमानिकांच्या हातीं हरिकेन आलें आणि १९४४ पासून स्पिटफायर. या काळच्या वैमानिकाच्या टोपीला कानांवर गोल उंचवटे असतात, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा असतो, अंगावर पिंवळें तरणजाकीट असतें, आणि हवाई छत्रीची गादीच त्याचें आसन होते. मेंढीच्या कातड्याचें जाड जाकीट युरोपांतील थंड आकाशाला साजतें. ब्रह्मदेशच्या रानांवरून खालून जाणाऱ्या वैमानिकाच्या अंगांत खाकी सदराच शोभतो. जेट विमानांचा काळ आला तशी टोपी कठिण झाली आणि डोळ्यांवर काळी कांच आली. १७ जून १९६१ रोजीं प्रथम उडालेलें ‘मारुत’ हें बंगलोर येथें तयार झालेलें जेट विमान वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रांत पाहावयास मिळतें. त्याच्या वैमानिकाचा चेहरा बहुतेक झांकलेलाच असणार. त्यामुळें नवशिक्यानें आरंभ अशा मूर्तीपासून करणें सोयीचें.

येथें एका उणीवेचा विचार करणें अगत्याचें आहे. बाजारांत तयार मिळणारे वैमानिक बहुधा गोऱ्या चेहऱ्याचे असतात. भारतीय खुणा रंगविलेल्या विमानांत असा वैमानिक बसविला, कीं अर्धा इतिहास खोटा होतो. पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, हरदितसिंग मलिक सॉपविथ कॅमल विमान उडवीत. फेट्यावर बसेल अशी मोठी टोपी त्यांच्यासाठीं मुद्दाम करविलेली होती. १९४१ सालीं इंग्लंडांत हरिकेन उडविणारे मोहिंदरसिंग पुजी फेटा बांधूनच विमानांत बसत. काश्मीरच्या १९४७-४८ च्या लढाईंतील कामगिरीबद्दल महावीरचक्र मिळविणारे हृषीकेश मुळगांवकर हे १९७६ ते १९७८ पर्यंत वायुदलाचे प्रमुख होते. अशा माणसांच्या विमानांत त्यांच्याच देशाचा चेहरा दिसावा, ही अपेक्षा वाजवी आहे. आणि ती पुरी करावयाची तर मूर्ति स्वतःच्या हातानें घडविण्यावांचून उपाय नाहीं.

सुदैवानें हें कौशल्य महाराष्ट्राला परकें नाहीं. पेणच्या गणेशमूर्ति ज्या शाडूच्या मातीनें आणि सांच्यांनीं होतात, तीच रीत येथें कामास येते. प्रथम तारेचा सांगाडा करून त्यावर हलक्या लांकडाचा गाभा बसवावा आणि मग माती चढवावी. शाडूची माती स्वस्त व हाताच्या ओळखीची. पण वाळतांना ती आकसते आणि तारेभोंवतीं तिला भेगा पडतात. म्हणून मूर्ति ओलसर असतांनाच तिचा सांचा घ्यावा. ज्यांना आठ-पंधरा दिवस सावकाश काम करावयाचें आहे त्यांनीं न वाळणारी मेणमाती वापरावी. पट्टे, बकले, चष्म्याची कड अशा बारीक वस्तूंसाठीं दोन भाग कालवून घट्ट होणारी इपॉक्सीची लांबी उत्तम.

सांचा प्लॅस्टरचा, दोन भागांचा करावा. दोन्ही भागांची सांध टाळूवरून, कानामागून आणि खांद्यावरून न्यावी, म्हणजे ती टोपीच्या शिवणींत लपते. पहिला भाग घट्ट झाल्यावर त्याच्या कडेला साबणाचें दाट पाणी लावावें. नाहीं तर दुसरा भाग त्याला चिकटून बसेल. हनुवटीखालीं किंवा मुखवट्याच्या नळीमागें खोल खांच असेल तर प्लॅस्टरमधून मूर्ति सुटत नाहीं. तेथें सिलिकॉन रबराचा सांचा घ्यावा, तो वांकतो. सांच्यांत सरसांत भिजविलेल्या पातळ कागदाचे पांच-सहा थर दिले कीं अत्यंत हलकें कवच तयार होतें. मात्र मुंबईच्या पावसाळ्यांत कागद दमट राहतो, म्हणून हें काम दिवाळीनंतर करावें आणि कवचाला आंतून-बाहेरून रोगण द्यावें. कांचेच्या तंतूंचें वस्त्र व इपॉक्सी राळ यांचें कवच अधिक टिकाऊ होतें. पण ओली राळ कातडीला बाधते आणि घासतांना उडणारी धूळ छातींत जाते. हातमोजे, नाकावर फडकें आणि उघडी खिडकी यांवांचून तें काम घरांत, विशेषतः मुलांच्या जवळ, करूं नये.

रंगकामांत चकाकी हा मोठा शत्रु. मूर्तीचा सर्व रंग मंद असावा. चकाकी फक्त डोळ्यांत आणि चष्म्याच्या कांचेंत. त्वचेसाठीं तांबूस मातकट रंगांत पिंवळी माती आणि थोडा पांढरा मिसळून पहिला हात द्यावा. मग पातळ गडद रंग खळग्यांत सोडावा आणि गालाचीं हाडें, नाकाचा शेंडा, खालचा ओठ किंचित् उजळावा. डोळ्यांचा पांढरा भाग शुभ्र करूं नये. तो राखट असला तरच नजर शांत दिसते, नाहीं तर वैमानिक घाबरलेला वाटतो.

शेवटीं मूर्ति बसविणें. ती केवळ डिंकानें चिकटविणें धोक्याचें. विमान सूर मारून वर येतांना सुटली, तर आंतल्या तारांत अडकून सुकाणू बंद पाडील. म्हणून खालून स्क्रूनें आवळावी. कांहीं कारागीर मानेंत एक लहान मोटर बसवून ती शेपटीच्या सुकाणूला जोडतात. विमान वळलें कीं वैमानिकहि त्या बाजूस पाहतो.

विमान वर गेल्यावर हें कोणालाच दिसत नाहीं, असा आक्षेप घेतला जातो. पण विमान उडण्यापूर्वीं आणि उतरल्यानंतर भोंवतीं मुलें जमतात, आणि त्यांचें बोट प्रथम जातें तें आंतल्या माणसाकडे. तो कोण, असें मूल विचारतें. त्या वेळीं सांगण्यासारखें एक नांव कारागिराजवळ असावें, आणि मूर्तीच्या तोंडावर तें नांव शोभावें, एवढ्यासाठीं ही सर्व खटपट आहे.