खाडाखोडही दिसते तेव्हा

गटप्रकल्प दिला की एकजण राबतो आणि नावे पाच जणांची लागतात, हे कुठल्याही शिक्षकाला ठाऊक असते. विकी पद्धतीच्या पानावर ही लपवाछपवी अवघड जाते. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिले विकी संकेतस्थळ सुरू केले. वाचणाऱ्यालाच पान बदलता यावे, ही त्यामागची कल्पना. विकिपीडिया २००१ मध्ये आला, मराठी विकिपीडिया २००३ मध्ये.

शिकवण्याच्या दृष्टीने लेखापेक्षा त्याचा ‘इतिहास’ अधिक मोलाचा. कोणी, कधी, कोणते वाक्य घातले किंवा खोडले, ते तिथे ओळीने दिसते. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरकही पाहता येतो. त्यामुळे शिक्षकाला मजकूर कसा घडत गेला, तेही तपासता येते. मतभेद झाले तर ते मांडायला लेखामागे चर्चापान असते. नवख्यांनी आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, हात बसवावा.

मुलांना आपल्या गावावर लिहायचा मोह होतो. आजोबांनी सांगितलेली हकिगत मात्र विकिपीडियावर टिकत नाही. तपासता येण्याजोगा प्रकाशित संदर्भ लागतो. पुस्तकातून जसाच्या तसा उतरवलेला मजकूरही प्रताधिकारामुळे काढला जातो. (हा नियम आपल्या निबंधाच्या वह्यांना लावला तर किती पाने उरतील?)

एकाच खात्यावरून सगळा वर्ग लिहू लागला, तर इतिहासात एकच नाव दिसते आणि सगळा फायदा वाया जातो. म्हणून प्रत्येकाचे खाते वेगळे हवे. त्यासाठी खरे नाव लागत नाही. मुलांनी तर ते देऊच नये.