स्टोरीत न दिसणारा तास

गॅदरिंग, एनएसएसचा कॅम्प, कट्टा... कॉलेज म्हटलं की आपल्या स्टोरीत हेच असतं. पण ‘कमवा आणि शिका’मध्ये ग्रंथालयात पुस्तकं लावणारा, बागेला पाणी घालणारा मित्र? कॅमेरा निघाला की तोच बाजूला सरकतो. लाज कसली, राव? कर्जतचं आपलं दादा पाटील महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात ती सुरू केली. ‘स्वावलंबी शिक्षण’ हेच तिचं ब्रीद. सगळ्या जातींची पोरं एकाच वसतिगृहात राहून, कष्ट करून शिकली. तेव्हा खुरपं हातात घेणं कमीपणाचं नव्हतं, मग आज का? त्या तासाच्या पैशातून कुणाची मेस भागते, कुणाचा एसटीचा पास निघतो. पुढच्या ग्रुप फोटोत त्याला मधोमध उभं करा, खुरप्यासकट!